सहा इंची व्हाइस, धुण्याचा सोडा आणि एक हेडलाइट

भंगारवाल्याने व्हाइस, म्हणजे वर्कशॉपात वस्तू जबड्यांत आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, काट्यावर चढवला. २१ किलो ४०० ग्रॅम. "सहाशे देतो, काका." आप्पा पडवीत खुर्ची टाकून बसले होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "चिखलाचं वजन पण धरलंस काय रे?" एवढं विचारून त्यांनी पेपर उघडला. ते पेपर वाचत नव्हते हे मलाही कळलं आणि भंगारवाल्यालाही. जुने पत्रे आणि पंपाची फुटकी आवरणं घेऊन तो गेला. व्हाइस अंगणातच राहिला.

ही डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. पुढचे सतरा दिवस मी त्या व्हाइसचा गंज विजेने काढत होतो. ते काम जसं झालं तसं, चुकांसकट लिहितो आहे. या पद्धतीबद्दल 'रात्री टबात टाका, सकाळी कोरी करकरीत वस्तू काढा' अशा थाटात बरंच सांगितलं जातं. आमच्याकडे तसं झालं नाही. विजेने तिचं काम चोख केलं, पण एकूण कामातला तिचा वाटा फार तर तिसरा हिस्सा होता.

वस्तू

चिपळूणला आप्पांचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तेही बुडालं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहिली ती माझ्या डोक्याच्या वीतभर वर. मोटारी, ड्रिल मशीन, बॅटरी चार्जर, पान्यांची पेटी, सगळ्यावर गाळाचा बोटभर थर. काही धुऊन विकलं, काही फेकलं. लाकडी बाकासकट उलटा पडलेला व्हाइस सोडवून घरी आणला आणि मागच्या पत्र्याखाली ठेवून दिला. पत्रा गळका होता. त्या पावसाळ्याचा उरलेला भाग आणि पुढचे दोन पूर्ण पावसाळे व्हाइस तिथंच भिजत, वाळत, पुन्हा भिजत पडला. लोखंड नुसतं बुडून राहिलं तर एवढं गंजत नाही. त्याला खातं ते हे भिजणं आणि वाळणं, आणि चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

बाहेर काढला तेव्हा वरची नारिंगी पूड हाताला लागत होती. खाली तपकिरी पापुद्रे होते, नखाने उचलले तर शंकरपाळ्याएवढे तुकडे निघत. जबडे दोन बोटं उघडे राहून तसेच धरलेले. दांडी हलत नव्हती. बाजूच्या भिंतीवर काही अक्षरं ओतलेली होती, ती चाचपून कळत होती पण वाचता येत नव्हती. सांध्यांत जुना हिरवा रंग टिकून होता.

व्हाइसचं अंग बिडाचं (ओतीव लोखंडाचं), मधला स्क्रू आणि दांडी पोलादी, आणि जबड्यांवर स्क्रूने बसवलेल्या खरबरीत पट्ट्या पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या, पोलादाच्या. एकाच वस्तूत तीन तऱ्हेचं लोखंड आहे, ही गोष्ट पुढे कामाला आली.

वीजच का

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तासाभरात वरवर चमकवता आला असता. पण तारेचा ब्रश उंचवटे घासतो, खड्ड्यातला गंज तिथंच राहतो, आणि ओतीव अक्षरं तर गेलीच असती. ॲसिडमध्ये गंज जातो तसं चांगलं लोखंडही जातं, आणि कधी थांबायचं ते कळत नाही. तांब्या-पितळेला आमसुलं किंवा चिंच लावतात ते ठीक, बिडाला ते औषध नव्हे. काकवीचा उपाय मात्र खरा आहे. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, त्यात वस्तू दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची. काकवीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून सोडवतात. लहान वस्तूंना मी अजूनही तेच सुचवीन. पण वीस किलोच्या धुडासाठी लागणारी काकवी, तिचा आंबूस वास आणि मुंग्यांची रांग हे सगळं आमच्या आईने अंगणात चालू दिलं नसतं.

विजेची तऱ्हा वेगळी. टबात पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा. वस्तू सप्लायच्या निगेटिव्हला जोडायची आणि तिच्यापासून अंतरावर साध्या लोखंडाची पट्टी लटकवून ती पॉझिटिव्हला. प्रवाह सुरू झाला की वस्तूवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात, पट्टीवर ऑक्सिजनचे. वस्तू निगेटिव्ह टोकाला असल्यामुळे तिचं चांगलं लोखंड पाण्यात उतरत नाही. ॲसिडपेक्षा फरक आहे तो इथे. लाल गंजाचा काही भाग काळ्या, भुसभुशीत ऑक्साइडमध्ये बदलतो आणि बुडबुडे त्याला खालून उचलत राहतात. पट्टी मात्र झिजते, तिने झिजावं म्हणूनच ती लावलेली असते.

गंजाचं पुन्हा लोखंड होऊन खड्डे भरून येतात असं काही जण समजतात. तसं होत नाही. गेलेलं लोखंड गेलं. उरलेलं, खड्ड्यांसकट, उघडं पडतं.

टोकं उलटी लागली तर झिजेल ती वस्तू. म्हणून टबावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: लाल चिमटा पट्टीला.

आधीची एक चूक

व्हाइसला हात घालण्याआधी बादलीत एक गंजका पाना टाकून बघितला. पट्टी म्हणून घरातली स्टीलची जुनी ताटली घेतली. विचार असा की स्टील गंजत नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येईल. तीन तासांनी पाना बराच साफ झाला होता आणि पाणी पिवळं झालं होतं. गंजाचं नारिंगी नाही, स्वच्छ पिवळं, लिंबाच्या सरबतासारखं. मला ते बरंच वाटलं.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे सर संध्याकाळी आले होते. त्यांनी बादली बघितली, ताटली बघितली आणि म्हणाले, "हे पाणी कुठंही ओतू नकोस. हातमोजे आहेत का घरात?" स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. सोड्याच्या पाण्यात ते पॉझिटिव्ह टोकाला लावलं की क्रोमियम क्रोमेट होऊन पाण्यात उतरतं. पिवळा रंग त्याचाच. हा क्रोमियमचा विषारी अवतार, कर्करोगाशी संबंध असलेला. विहीर अंगणापासून वीस पावलांवर. सरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्यात हिराकस (फेरस सल्फेट) घातला. हिराकसामुळे क्रोमेट कमी घातक रूपात येऊन गाळ होऊन खाली बसतं. तो गाळही आम्ही झाकणाच्या डब्यात बंद केला, वर नाव लिहिलं आणि सरांनीच तो त्यांच्या प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवला. असे सर प्रत्येकाच्या ओळखीचे नसतात, म्हणून ही चूक करूच नये.

मीठ घालायचं नाही तेही याच वेळी समजलं. मिठाने प्रवाह झकास वाढतो, पण पॉझिटिव्हला क्लोरीन सुटतो आणि लोखंडात क्लोराइड मुरतं, म्हणजे नव्या गंजाचं बी. जस्त चढवलेले पत्रे पट्टी म्हणून नकोत. ॲल्युमिनियमची वस्तू सोड्यात घालायची नाही, सोडाच तिला खातो.

मांडणी

दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप आडवं कापून त्याचा टब केला. त्यात ४० लिटर पाणी आणि लिटरला १० ग्रॅमच्या हिशोबाने ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा. तो किराणा दुकानात मिळाला नाही. खाण्याचा सोडा पुढे करत होते. तो कढईत कोरडा तापवला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून धुण्याचा सोडा उरतो, पण शेवटी रंगाच्या दुकानात तयारच मिळाला.

पट्ट्यांसाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून एम. एस. (साध्या लोखंडाच्या) पट्टीचे चार कापलेले तुकडे आणले आणि टबाच्या चार कोपऱ्यांत लटकवले. चार कशासाठी? वीज सरळ रस्ता धरते. पट्टीच्या समोरची बाजू भराभर साफ होते, पाठची तशीच राहते. चारही पट्ट्या वर तांब्याच्या तारेने एकत्र जोडल्या, पण तार आणि चिमटे पाण्याच्या वर ठेवले. पॉझिटिव्ह बाजूचं तांबं पाण्यात बुडालं तर विरघळून वस्तूवर चढतं. निगेटिव्हचा चिमटा बुडाला तरी चालतो.

मग जोडणी, आणि इथं पूर्ण अर्धा दिवस गेला. गंज वीज नीट नेत नाही. चिमटा लावायची जागा कानशीने घासून पांढरी करावी लागली. मल्टिमीटर लावला तर मागचा जबडा आणि पुढचा जबडा यांच्यात जोडच नव्हता. एकमेकांत घट्ट रुतलेले, हाताने तसूभर हलत नाहीत, आणि विजेच्या दृष्टीने दोन वेगळी बेटं. दांडी तिसरं बेट. तिन्हींना वेगळ्या तारा दिल्या. त्याआधी व्हाइस रॉकेलने आणि मग भांड्यांच्या पावडरीने धुतला होता, कारण ग्रीस राहिलं तर तिथं प्रवाह पोचत नाही.

विजेसाठी आप्पांचा जुना बॅटरी चार्जर हवा होता, सुई असलेला, जड, ट्रान्सफॉर्मरवाला. तो पुरात गेलेला. मित्राचा नवा ऑटोमॅटिक चार्जर आणला तर तो सुरूच होईना. समोर बॅटरी आहे असं कळल्याशिवाय तो प्रवाह सोडत नाही, आणि टब त्याला बॅटरी वाटत नव्हता. शेवटी एल. ई. डी. पट्ट्यांना लावतात तो १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय घेतला. जोडल्याबरोबर त्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. टब दहा अँपिअरपेक्षा जास्त ओढत होता आणि सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी सारखा बंद-चालू होत होता.

उपाय आप्पांनी सांगितला, पेपरवरून नजर न काढता. "मध्ये हेडलाइटचा बल्ब टाक."

गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब मालिकेत जोडला. आता काहीही झालं, अगदी पट्टी वस्तूला चिकटली, तरी साडेचार-पाच अँपिअरच्या वर प्रवाह जाणार नाही. बल्ब पिवळट पेटला आणि मल्टिमीटरने साडेतीनच्या आसपास अँपिअर दाखवले. पुढे पाचही दिवस मीटर लावायची गरज पडली नाही. बल्ब मंद झाला की जोड ढिला किंवा पट्टी माखलेली. बल्ब लख्ख झाला की काहीतरी एकमेकांना टेकलंय.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण या सप्लायची २३० व्होल्टची टोकंही शेजारीच उघडी असतात. ओल्या हातांच्या कामात हे भलतंच. सप्लाय छिद्रं पाडलेल्या डब्यात घालून खिडकीच्या वर ठेवला आणि ज्या फेजला गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर होता तिथूनच वीज घेतली. चिमट्यांना हात लावायच्या आधी बटण बंद, हा नियम. कारण झटका नव्हे, ठिणगी.

हायड्रोजनचा हिशोब मी कागदावर केला. फॅरडेने १८३४ मध्ये मांडलेल्या नियमाने एक अँपिअर तासभर वाहिला की आपल्याकडच्या हवेत जास्तीत जास्त ०.४६ लिटर हायड्रोजन निघतो. साडेतीन अँपिअरला तासाला दीड लिटरच्या थोडा वर. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ ते ७५ टक्के असलं की तो पेट घेऊ शकतो, आणि टबावरच्या फेसात तो साठून राहतो. उघड्या अंगणात उडून जातो. बंद न्हाणीघरात किंवा पोटमाळ्यावर हे करणाऱ्याने करू नये. शेजारचे नाना बिडी ओढत बघायला आले, त्यांना फाटकातच थांबवलं.

टबातले दिवस

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असे पाच दिवस. रात्री बटण बंद, वस्तू पाण्यातच. सोड्याचं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे रात्रीत नवा गंज धरला नाही.

पहिल्या तासात पाण्यावर पांढरट फेस आला, मग नारिंगी, आणि दुपारपर्यंत तिखटाच्या तवंगासारखा गडद. संध्याकाळी पट्ट्या ओळखू येत नव्हत्या, त्यांच्यावर तपकिरी लगदा चढला होता. तो रोज खरवडावा लागला, नाहीतर बल्ब मंद व्हायचा.

दुसऱ्या दिवशी जुना हिरवा रंग आपोआप सुटायला लागला. रंगाखाली बुडबुडे शिरले आणि सोड्याने पकड सोडवली. ओल्या पिंपळपानासारखे तुकडे तरंगत होते. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून ते कोरडे घासले नाहीत, गाळणीने गोळा केले आणि पिशवीत बांधून वेगळे ठेवले.

तिसऱ्या दिवशी बाहेर काढून नळाखाली ताठ ब्रशने घासला तेव्हा काजळीसारखं काळं पाणी वाहायला लागलं आणि खाली राखाडी बीड दिसलं. पाठची बाजू मात्र अजून तपकिरी. म्हणून व्हाइस उलटा करून पुन्हा दोन दिवस.

आणि अक्षरं आली. एका बाजूला मापाचा ६ चा आकडा, दुसऱ्या बाजूला 'मेड इन इंडिया'. कंपनीचं नाव कुठंच नव्हतं. पुढच्या जबड्याच्या उजव्या कोपऱ्यावर एक चंद्रकोरीएवढा टवका होता. त्यावर मी बोट फिरवलं तर आप्पा म्हणाले, "तो तू." मला आठवत नाही. सातवीत असताना मी व्हाइसचाच ऐरण म्हणून वापर केला होता म्हणे.

स्क्रूच्या मागे एक स्प्रिंग होती. ती टबात गेली नाही. निगेटिव्ह टोकाला तयार होणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक, ताणाखाली असलेलं पोलाद ठिसूळ करतो. बिडाला आणि साध्या लोखंडाला त्याचं फारसं काही नाही, स्प्रिंगला आहे. ॲसिडनेही तेच होतं, त्यामुळे तिथंही सुटका नाही. स्प्रिंग घासून बघितली, आतून खाल्लेली होती. वीस रुपयांत नवी आणली. जबड्यांच्या पाणी दिलेल्या पट्ट्यांचा प्रश्न होता. त्यांचे स्क्रू निघेनात म्हणून त्या तशाच बुडाल्या. त्यांच्यावर दाब येतो, ताण येत नाही, या हिशोबावर सोडून दिलं. गाडीच्या स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा भाग असता तर हा हिशोब चालवला नसता.

न सुटलेला स्क्रू

पाच दिवसांनी व्हाइस बाहेरून असा साफ झाला की फोटो काढून कोणालाही पाठवावा. आणि दांडी जागची हलत नव्हती.

यात आश्चर्य काहीच नाही. वीज जिथं पोचते तिथंच गंज सुटतो. आट्यांच्या आत, नटाच्या पोटात, दोन जबड्यांच्या सरकत्या सांध्यात ती पोचतच नाही. पण त्या क्षणी हे सगळं माहीत असूनही माझा धीर सुटला. दांडीला दीड मीटरचा पाईप चढवला.

"पाईप काढ," आप्पा म्हणाले. या वेळी पेपर खाली ठेवला होता.

"आप्पा, थोडासाच जोर—"

"बीड आहे ते. वाकत नाही. सांगून फुटत नाही."

ते उठले, दोन वर्षांत पहिल्यांदा बाकापाशी येऊन उभे राहिले. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून स्क्रूच्या दोन्ही टोकांना सोडलं, चिंध्या भिजवून गुंडाळल्या. रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी ठोकळा मध्ये धरून स्क्रूच्या टोकावर हलक्या हातोडीच्या दहा-बारा टिचक्या. जोराने नाही. "आवाज ऐक," म्हणायचे. पहिले तीन दिवस आवाज ठस्स यायचा. चौथ्या दिवशी जरा मोकळा, कडेने घंटेसारखा. तेव्हा ब्लो लॅम्पने फक्त नटाजवळचा भाग ऊबदार केला, टबापासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. आणि दांडी आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित दाबली, मग सैल. कुरकुरत पाव वेढा. मग परत मागे. अर्धा वेढा. पूर्ण सुटायला अजून दोन दिवस लागले.

मला राहून राहून वाटतं की पाच दिवस टबात घालायच्या आधीच हे करायला हवं होतं. आधी सुटं करा, मग बुडवा. टबातून काढलेल्या वस्तूवर तेल घालून मी पुढच्या फेरीचं काम वाढवलं, पुन्हा रॉकेलने धुवावं लागलं.

दुसऱ्या फेरीत सगळे भाग सुटे होते. सरकत्या जबड्याचा दांडा आतून पोकळ, चौकोनी बोगद्यासारखा. बाहेरच्या चार पट्ट्या त्याच्या आत बघू शकत नव्हत्या. म्हणून अर्ध्या इंची पी. व्ही. सी. पाईपला जागोजाग भोकं पाडली, त्यात आठ मिलिमीटरची सळई घातली आणि ती बोगद्यात सरकवून पॉझिटिव्हला जोडली. पाईपमुळे सळई कुठं टेकत नव्हती, भोकांमधून प्रवाह जात होता. दीड दिवसात आतून काळा चिखल वाहून आला. सगळ्या कामात माझं स्वतःचं म्हणण्यासारखं डोकं लागलं ते एवढंच.

बाहेर काढल्यानंतर

पहिल्या फेरीत तिसऱ्या दिवशी व्हाइस धुऊन उन्हात ठेवला आणि चहाला गेलो होतो. परत आलो तर राखाडी बिडावर केशरी झाक. वीस मिनिटंही झाली नव्हती. नुकतं उघडं पडलेलं, खडबडीत, ओलं लोखंड हवेला असं मिळतं की त्याला गंजायला पावसाळा लागत नाही.

शेवटच्या वेळी म्हणून तयारी आधी केली. चुलीवर दोन हंडे पाणी उकळत ठेवलं. वस्तू टबातून काढली, नळाखाली घासली आणि लगेच उकळत्या पाण्याने धुतली. जड बीड गरम झालं की स्वतःच्या उष्णतेने कोरडं होतं. खाचांतलं पाणी हेअर ड्रायरने काढलं. तो बहिणीचा होता आणि त्यावर नंतर बोलणी बसली.

बाहेरच्या अंगाला एक देशी प्रयोग केला. हिरडा ठेचून उकळला आणि तो काढा गरम लोखंडावर ब्रशने लावला. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी गाठ पडली की त्याचं निळसर काळं संयुग होतं. हिरडा आणि लोखंड यांपासून शाई आणि काळा रंग करायची जुनी रीत याच्यावरच चालते. दोन हात दिल्यावर व्हाइस शाईत बुडवल्यासारखा झाला. एकटं हे कोकणातल्या हवेत टिकत नाही, म्हणून त्यावर रेड ऑक्साइड आणि मग पुन्हा हिरवा रंग. सरकत्या भागांना रंग नाही, फक्त ग्रीस.

टबातलं पाणी दोन दिवस स्थिर ठेवून रंगाचे उरलेसुरले तुकडे गाळले, गाळ वाळवून त्याच पिशवीत घातला. साध्या लोखंडाच्या पट्ट्या असल्या तर उरतो तो लोखंडाचा गाळ आणि सोडा, पण सोड्याचं पाणी झाडांच्या मुळाशी नको.

एक गोष्ट मात्र राहिली. पुराचं पाणी, गाळ आणि खाडीकडची हवा यांतून लोखंडात शिरलेलं मीठ पाच-सात दिवसांत निघत नाही. संग्रहालयांतली माणसं याच कारणाने इतकी संथ असतात. कॅप्टन कुकचं 'एंडेव्हर' जहाज १७७० मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर अडकलं, तेव्हा हलकं करायला समुद्रात ढकललेल्या सहा तोफा १९६९ मध्ये सापडल्या आणि ऑस्ट्रेलियात त्यांच्यावर विजेनेच उपचार झाले. अमेरिकेतल्या 'मॉनिटर' या युद्धनौकेचा १८६२ मध्ये बुडालेला तोफमनोरा २००२ मध्ये वर काढला, त्याला तर अल्कधर्मी पाण्याच्या टाकीत वीस वर्षांहून जास्त काळ गेला. पाणी बदलायचं, त्यात उतरलेलं क्लोराइड मोजायचं, पुन्हा बदलायचं. आमच्याकडे क्लोराइड मोजायला काही नव्हतं आणि व्हाइसला काम होतं.

काट्यावर परत

जोडून झाल्यावर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. २० किलो ३५० ग्रॅम. म्हणजे किलोभराहून जास्त चिखल, रंग आणि गंज. "त्याला तीस रुपयांना फसवत होतो आपण," आप्पा म्हणाले.

खर्च हजाराच्या आत बसला, त्यातला निम्म्याहून जास्त सप्लायचा. नवा सहा इंची व्हाइस तीन-चार हजारांपासून मिळतो. सतरा दिवसांची मजुरी धरली तर हा सौदा कुठल्याच बाजूने परवडत नाही. खाण्याच्या टेबलाएवढ्या वस्तूंसाठी तर मी कोणाला हे सुचवणारच नाही.

व्हाइस आता मागच्या पडवीत नव्या बाकावर आहे. आप्पा त्यावर शेजाऱ्यांच्या कोयत्यांना आणि विळ्यांना धार लावून देतात. पुढच्या जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर आठवड्याने, उजव्या कोपऱ्यातल्या त्या टवक्यात रंगावर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी थेंब आले. गंजाचा घाम. आतलं मीठ हवेतली ओल ओढतं. मी खरवडून, गरम करून, पुन्हा रंग दिला. ऑगस्टमध्ये परत आले. आप्पांनी बाकाच्या खिळ्याला तेलात बुडवलेली चिंधी टांगून ठेवली आहे. सकाळी पडवी उघडली की ती त्या कोपऱ्यावरून एकदा फिरवतात आणि मग चहा मागतात.